कुरकुर न करणारे भाग

सायकलच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळणाऱ्या वस्तूंपैकी एक म्हणजे कॉटर. बोटाएवढी पोलादी खिळी, एका अंगाने तासलेली, निमुळत्या टोकाला आटे आणि त्यावर एक नट. पायडलचा दांडा, म्हणजे क्रँक, मधल्या ॲक्सलवर चढवायचा आणि दोघांच्या जुळलेल्या भोकांतून ही पाचर हातोडीने ठोकून बसवायची. उभ्या चढावर माणूस सीटवरून उठून पायडलवर उभा राहतो, तेव्हा त्याचे सगळे वजन या खिळीवरून साखळीकडे आणि साखळीवरून चाकाकडे जाते. खिळीचे पोलाद नरम असते, त्यामुळे ती दबते, झिजते, तिचा नट सैल पडतो. मग पायडल वरून खाली येताना दर फेऱ्याला 'कट्' असा आवाज होतो आणि पायाला बारीक हिसका बसतो. बहिऱ्याच्याही तळपायाला कळेल असा तो हिसका असतो. दुकानदार क्रँक धरून एकदा मागेपुढे हलवतो, जुनी कॉटर ठोकून काढतो आणि नवी बसवतो. महाराष्ट्रातल्या गावागावांत, रॉडच्या ब्रेकांच्या काळ्या सायकलींवर जगणाऱ्या दूधवाल्या-पेपरवाल्यांना आणि कारखान्यातल्या कामगारांना हा व्यवहार पाठ होता.

यंत्रविद्येच्या कसोटीवर कॉटर हा सामान्य दर्जाचाच भाग आहे. वजनाने जड, बसवायला ओबडधोबड, काढताना हातोडीचा घाव बेअरिंगच्या छर्ऱ्यांवर पोचण्याची भीती. तरीही सायकलवाल्यांच्या जगात जीवघेण्या भागांची जी यादी तोंडोतोंडी चालत आली आहे, तिच्यात कॉटरला मानाचे स्थान नाही. त्या यादीत दिसायला देखणे, वजनाला हलके आणि आपापल्या काळात पुढारलेले समजले गेलेले भाग आहेत. सायकलच्या सदोष भागांचा इतिहास सहसा बळकटीचा इतिहास म्हणून सांगितला जातो: आधी सगळे कच्चे होते, मग धातू सुधारला, कारागिरी सुधारली, सायकल सुरक्षित झाली. हे वाचायला सोपे वाटते, पण पुराव्याशी जुळत नाही. भाग किती मजबूत आहे, याहून मोडण्याआधी तो बोलतो की नाही आणि त्याची बोली जाणणारा कोणी जवळ आहे की नाही, यावर त्याचा धोका जास्त ठरत आला. गेल्या दीडशे वर्षांत सायकलचे भाग बळकट होत गेले हे खरे. पण त्याच वेळी ते एकेक करून अबोल होत गेले.

पहिला मोठा धोका मात्र भाग मोडण्याचा नव्हताच. १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये, विशेषतः कॉव्हेंट्रीच्या कारखान्यांतून, पुढचे चाक छातीइतके उंच आणि मागचे जेमतेम गुडघ्याएवढे अशी सायकल घडू लागली. पायडल थेट पुढच्या चाकाच्या ॲक्सलला जोडलेले असल्याने वेग हवा असेल तर चाक मोठे करण्यावाचून इलाज नव्हता. स्वार जवळजवळ त्या ॲक्सलच्या डोक्यावर बसे. वाटेत धोंडा आला किंवा पुढच्या टायरवर दाबला जाणारा चमच्याच्या आकाराचा ब्रेक जरा जोरात लागला, की चाक थांबे आणि स्वार त्याच्यावरून पालथा होऊन डोक्यावर आदळे. पाय हँडलखाली अडकलेले असल्यामुळे उडी मारून सुटायचीही सोय नसे. काहींनी हँडल वळवून पायांच्या मागून नेले, म्हणजे पडताना निदान पायांवर पडता येईल. अमेरिकेत 'स्टार' नावाच्या सायकलीत लहान चाक पुढे आणि मोठे मागे घेतले गेले. म्हणजे धोका नेमका कुठे आहे, याबद्दल कोणाच्याच मनात शंका नव्हती. तो सायकलच्या आकारातच होता आणि लांबून दिसत होता. थॉमस स्टीव्हन्स अशाच उंच चाकावर बसून १८८६ मध्ये लाहोरहून कलकत्त्यापर्यंत आला, जगाची फेरी पूर्ण करून गेला. पण आपण कशावर बसलो आहोत हे त्याला दर क्षणी ठाऊक होते. अशा धोक्याला उत्तर म्हणून स्वाराचे कौशल्य पुरत नसेल, तरी सावधपणा निदान शक्य असतो.

१८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' बाजारात आणली. चाके जवळपास सारखी, स्वार दोन्ही चाकांच्या मधे आणि पायडलचा जोर साखळीने मागच्या चाकाला. या जातीला लोकांनी 'सेफ्टी' हे नावच दिले. आधीची सायकल काय होती याची ती जाहीर कबुलीच होती. १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलप यांनी हवेचा टायर तयार केला आणि आज आपण जिला सायकल म्हणतो ती साधारण पूर्ण झाली. डोक्यावर आदळण्याची भीती गेली, पण तिच्या जागी एक वेगळे अवलंबित्व आले. सुरुवातीच्या अनेक सेफ्टी सायकलींना फ्रीव्हील नव्हते, म्हणजे चाक फिरले की पायडलही फिरे. वेग कमी करायचा तर पायडल उलट दाबायचे. म्हणजे ब्रेकचे काम साखळीकडे गेले. उतारावर साखळी तुटली किंवा दात्यावरून उतरली, की पाय मोकळे फिरू लागत आणि थांबायला काहीच उरत नसे. पुढे उलट्या पायडलने मागच्या चाकाच्या हबमध्ये लागणारा ब्रेक आला, त्याचीही नाडी साखळीच्याच हातात होती. ब्रिटनच्या १९८३ च्या नियमांत फ्रीव्हीलच्या सायकलला एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन ब्रेक हवेत अशी अट आहे. या एका अटीत शंभर वर्षांचा धडा आहे: एक धोका काढताना जो नवा दुवा घालतो, तो तुटला तर काय होईल, हे आधीच विचारून ठेवावे.

ब्रेकची गोष्ट इथेच थांबत नाही, आणि ती सरळ रेषेतही जात नाही. आपल्याकडे दीर्घकाळ राज्य केले ते रॉडच्या ब्रेकने. हँडलखालची पट्टी ओढली की पोलादी काड्या आणि कोपरे वर उचलले जातात आणि नालाच्या आकाराच्या कमानीतले रबर रिमच्या आतल्या बाजूला घासते. सगळे उघड्यावर: काडी वाकली तर दिसते, रबर झिजले तर दिसते, स्क्रू सैल झाला तर खडखडते. याच्या उलट, एर्नेस्ट बाऊडेन यांच्या नावाने ओळखली जाणारी, १८९६ च्या पेटंटची ब्रेकची तार. लवचीक नळीच्या आत पोलादी दोऱ्यांची वेणी, कुठेही वळवा, हलकी आणि सुटसुटीत. पण ही वेणी तुटते ती बहुधा लिव्हरच्या आत, टोकाच्या मण्यापाशी, एकेक दोरा करत. बाहेरून तार नवी दिसते आणि उरलेले दोरे नेमके तुटतात ते ब्रेक सर्वांत जोरात दाबलेला असतो तेव्हा. एवढ्यावरून कोणी म्हणेल की रॉडचा ब्रेक श्रेष्ठ. तसे म्हणणे पावसाळ्यात टिकत नाही. क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी रिम ओली झाली की रबर तिच्यावर साबणासारखे सरकते. रिम पुसली जाईपर्यंत चाकाचे अनेक फेरे जातात आणि तेवढ्यात चौक मागे पडतो. ओल्या रिमसाठी चामड्याचा थर लावलेले ब्रेकचे रबर निघाले, ते याच दुखण्यावरचे औषध. म्हणून जुना तो चांगला आणि नवा तो घातक अशी वाटणी इथे करता येत नाही. मात्र पोलादी रिमचा दोष पहिल्याच पावसात प्रत्येकाला कळत असे, आणि शहाणा माणूस भिजल्या रस्त्यावर आधीच वेग कमी करत असे. तारेचा दोष कोणत्याच ऋतूत आपण होऊन पुढे येत नाही.

अबोलपणाचा खरा जन्म धातूच्या पोटात झाला. रेल्वेचे ॲक्सल ओझ्याच्या हिशेबात बसत असूनही अचानक का मोडतात, हे कोडे युरोपला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात पडले होते. प्रशियातले रेल्वे अभियंते आउगुस्ट व्होलर यांनी वर्षानुवर्षे ॲक्सल फिरवून-वाकवून दाखवले की एका झटक्यात सहज पेलेल एवढा ताण लाखो वेळा दिला तर धातू थकतो. बारीक तडा पडतो, दर फेऱ्याला केसभर पुढे सरकतो आणि उरलेला धातू पुरेनासा झाला की तुकडा पडतो. सायकलला हा हिशेब लावून पाहावा. रॉडच्या ब्रेकच्या सायकलीत पायडलचा एक फेरा साधारण साडेपाच मीटर पुढे नेतो. रोज वीस किलोमीटर जाणारा माणूस दिवसाला साडेतीन हजारांहून जास्त फेरे मारतो. वर्षातले तीनशे दिवस धरले तर जवळपास अकरा लाख. प्रत्येक फेऱ्यात क्रँक वाकतो आणि सरळ होतो, हँडल ओढले जाते आणि सुटते. पोलादाला एक मर्यादा असते. ताण तिच्या खाली राहिला तर ते व्यवहारात थकतच नाही म्हटले तरी चालेल. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. ताण कितीही कमी असो, फेरे पुरेसे झाले की ते केव्हा ना केव्हा मोडणारच; प्रश्न फक्त आयुष्य किती, हा. १९३३ मध्ये फ्रान्सच्या स्ट्राँगलाइटने कॉटर नसलेला क्रँक आणला तेव्हापासून शर्यतीची सायकल हळूहळू या मोजक्या आयुष्याच्या धातूकडे वळली. त्यात गैर काहीच नव्हते. पण 'बदलायची वेळ झाली' हे सांगणारी 'कट्' मात्र त्या धातूजवळ नव्हती.

शर्यतीच्या सायकलींचे जुने संग्राहक फ्रान्सच्या 'आव्हा' कंपनीच्या ॲल्युमिनियम स्टेमला 'डेथ स्टेम' म्हणतात. स्टेम म्हणजे हँडल धरून ठेवणारा, पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या नळीत खाली उतरणारा दांडा. तो आत पक्का बसावा म्हणून त्याच्या खालच्या टोकाला खाचा पाडलेल्या असतात आणि आतल्या बोल्टने ओढलेली पाचर ते टोक फाकवते. खाच जिथे संपते तिथे ताण एकवटतो आणि तडा तिथूनच चालू लागतो. ही जागा नळीच्या आत, घाम झिरपून गंजणाऱ्या अंधारात. सायकल धुवा, पुसा, उलटी करून ठेवा, दिसणार नाही. स्टेम मोडला तर हँडल हातात येते आणि चाक त्याला हवे तिकडे वळते. इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला 'लॅम्बर्ट' या नावाने हलकी आणि स्वस्त सायकल आली. तिचा पुढचा चिमटा ॲल्युमिनियमचा होता आणि वरची पोलादी नळी त्यात बसवून खिळीने अडकवलेली होती. दोन धातू, एक खिळी आणि सगळे रंगाखाली. हा सांधा सैल पडून चिमटा निखळू लागला आणि त्या चिमट्याला 'डेथ फोर्क' हे नाव पडले. पुढे 'व्हायकाउंट' नावाखाली विकल्या गेलेल्या सायकलींचे ॲल्युमिनियमचे चिमटेही परत मागवावे लागले. इथे कॉटर आठवावी. तीही खिळीच, तीही दोन भाग जोडणारी. फरक इतकाच की कॉटर पायाखाली होती आणि हलली तर हिसका देत होती. ही खिळी डोक्याच्या नळीत होती आणि गप्प होती.

'डेथ स्टेम', 'डेथ फोर्क' ही नावे कोणा खात्याने ठेवली नाहीत. ती दुकानांतून, क्लबांतून, पडलेल्यांच्या तोंडून आली. अशा नावांना पुरावा म्हणून किती वजन द्यावे, हा प्रश्न रास्त आहे, कारण लोकांचे नाव अतिशयोक्तही असू शकते. याचे चांगले उदाहरण ब्रेकच्या जोडलिव्हरचे. १९७० च्या दशकात अमेरिकेत सायकलींची लाट आली. १९७३ मध्ये तिथे सुमारे दीड कोटी सायकली खपल्या, मोटारींपेक्षा जास्त. खाली वाकलेल्या हँडलच्या या सायकली घेणारे बरेच जण नवखे होते आणि वाकून बसायला त्यांना नको वाटे. म्हणून हँडलच्या वरच्या आडव्या भागावरूनही ओढता येईल अशी एक जादा पट्टी ब्रेकच्या लिव्हरला जोडली गेली. विकणारे तिला 'सेफ्टी लिव्हर' म्हणत, मेकॅनिक 'सुइसाइड लिव्हर'. एकाच पट्टीची ही दोन नावे. वस्तुतः ती मोडत नसे. तिची खेच तोकडी होती, ती लवत असे आणि ब्रेक नीट कसलेला नसला तर चाक पुरते थांबण्याआधीच पट्टी हँडलला टेके. धोका पट्टीच्या अंगात थोडा आणि तिने दिलेल्या खोट्या धिराईत जास्त होता. नाव थोडे जास्तच भडक होते, हे मान्य. पण ते नाव ज्याच्या कानावर पडले त्याने ब्रेक एकदा दाबून पाहिला असणार. जो भाग स्वतः बोलत नाही, त्याच्या वतीने अशी नावे बोलत होती. याच काळात अमेरिकेत ग्राहकांच्या वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी आयोग स्थापन झाला आणि सायकलींसाठी सक्तीचे नियम आले. तोंडी चालत आलेले ज्ञान कागदावर उतरू लागले ते इथून.

कागदावरच्या सुरक्षिततेची मर्यादा दिसते ती क्विक रिलीजमध्ये. चाक नटांऐवजी एका लिव्हरने आवळायची ही युक्ती इटलीच्या तुल्लिओ कॅम्पानोलो यांच्या नावावर आहे. बर्फाळ घाटात गोठलेल्या बोटांना चाकाचा नट सुटेना, त्यातून ती सुचली अशी कथा सांगितली जाते. शर्यतवाल्यांच्या हातात ती निर्धोक होती. बाजारात आल्यावर मात्र हजारोंनी ती लिव्हर नटासारखी गोल फिरवून घट्ट केली. खरे तर ती दाबून पलटवायची असते. फिरवलेली लिव्हर आवळल्यासारखी दिसते आणि आवळलेली नसते. उत्पादकांनी उपाय म्हणून चिमट्याच्या टोकांना बारीक ओठ काढले, म्हणजे लिव्हर सुटली तरी चाक लगेच निसटू नये. इंग्रजी बोलणाऱ्या मेकॅनिकांनी त्यांना 'वकिलांचे ओठ' म्हणून हिणवले आणि चाक झटपट निघत नाही म्हणून अनेकांनी ते कानशीने घासून टाकले. इथे आक्षेप येतो की चूक वापरणाऱ्याची आहे, भाग बिचारा निर्दोष. हा युक्तिवाद नव्या घटनेने मोडला. डिस्क ब्रेक आल्यावर पकड चाकाच्या मध्याजवळ, चिमट्याच्या मागच्या बाजूला आली. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स ॲनन यांनी २००३ मध्ये दाखवून दिले की या मांडणीत ब्रेकचा जोर ॲक्सलला खाली, म्हणजे नेमका चिमट्याच्या उघड्या तोंडाकडे ढकलतो. लिव्हर बरोबर लावलेली असली तरी दर ब्रेकला तिच्यावर हा ताण येत होता. २०१५ मध्ये तर एका मोठ्या कंपनीने एकट्या अमेरिकेत सुमारे नऊ लाख सायकली परत मागवल्या, कारण जास्त उघडणारी लिव्हर फिरत्या डिस्कमध्ये अडकून चाक थांबू शकत होते. नोंदवलेल्या अपघातांपैकी एकात स्वाराचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय लुळे पडले. त्याच वर्षी आणखी तेरा कंपन्यांना तेच करावे लागले. वापरणाऱ्याची चूक म्हणून ज्याची बोळवण केली गेली होती, ते रचनेतही होते. आज डिस्कच्या सायकलींत चिमट्याच्या दोन्ही पायांतून आरपार जाणारा ॲक्सल आला आहे. त्याला निसटायला तोंडच नाही. हे उत्तर आधीही देता आले असते, पण वापरणाऱ्याला दोष देणे जास्त स्वस्त होते.

आता कॉटरच्या थेट वारसाकडे येऊ. शिमानो कंपनीच्या वरच्या दर्जाच्या काही क्रँकमध्ये ॲल्युमिनियमचे दोन पोकळ भाग गोंदाने जोडलेले असतात. हलका, ताठ, गुळगुळीत. सांधा शोधूनही सापडू नये इतका. जून २०१२ ते जून २०१९ या काळात बनलेल्या अशा क्रँकसाठी कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये तपासणी जाहीर केली. जगभरात सुमारे २८ लाख नग. अमेरिकेतल्या सूचनेत क्रँक सुटा होण्याच्या ४,५१९ घटना नोंदवल्या होत्या आणि जखमींची नोंद सहा होती. या आकड्यांवर माझ्या म्हणण्याविरुद्ध सर्वांत चांगला आक्षेप उभा राहतो. साडेचार हजार क्रँक सुटतात आणि सहाच माणसे जखमी होतात, याचा अर्थ बहुतेकांना वेळीच कळले असले पाहिजे. म्हणजे गोंदाचा सांधाही बोलतो. त्यालाही कुरकुर आहे, सांध्यावर रेघ उमटते, क्रँक लवतो. मग कॉटरशी त्याचा फरक काय राहिला? फरक ऐकणाऱ्यात राहिला. कॉटरची 'कट्' ऐकून कोणताही दुकानदार काय ते सांगत असे, त्याचा इलाज हातोडीच्या दोन घावांत आणि किरकोळ पैशांत होत असे, आणि बदललेली कॉटर नवी आहे याबद्दल खात्री असे. गोंदाच्या क्रँकची कुरकुर मात्र सीट, पायडल, बेअरिंग कशाचीही असू शकते. नेमके निदान अधिकृत दुकानात, ठरावीक पद्धतीने. तिथे पास झालेला क्रँक आज जोडलेला आहे एवढेच कळते. आतल्या गोंदाचे किती आयुष्य उरले, हे त्या तपासणीला विचारता येत नाही. इलाज म्हणजे संपूर्ण नवा भाग, तोही कंपनीने दिला तर. भाग पूर्ण मुका नाही. त्याची बोली फक्त मोजक्यांनाच शिकवली आहे.

दुसरा आक्षेप जुन्याच्या बाजूने येतो, आणि तो भाबडा आहे. आजोबांची सायकल पन्नास वर्षे चालली, हल्लीची पाच वर्षे टिकत नाही, असे सर्रास म्हटले जाते. यात नजरेची चूक आहे: पन्नास वर्षे चाललेलीच सायकल आज पाहायला मिळते, मोडलेल्या सगळ्या भंगारात गेल्या. शिवाय वीस किलोच्या आसपासची सायकल हळू चालत असे, आणि हळू चाललेल्या गाडीचे दोष कमी जीवघेणे असतात. त्याहून वजनदार आक्षेप असा की सायकलस्वाराचा जीव भाग मोडल्याने क्वचितच जातो. तो जातो मोटारींमुळे, खड्ड्यांमुळे, अंधारामुळे. हे खरेच आहे. पुण्यात सायकलींचे राज्य होते तेव्हा पोलिसाच्या शिट्टीची भीती असे ती दिवा नसण्याची आणि डबलसीटची. ब्रेकची चौकशी कमीच. ती प्राथमिकता चुकीची नव्हती. पण रस्त्याचा धोका दिसतो आणि त्याच्याशी झगडता येते. रस्त्यावर सावध असलेल्या माणसाला ज्याच्या भरवशावर सावध राहायचे, तो ब्रेक, तो चिमटा, तो स्टेम ऐन वेळी दगा देतो तेव्हा त्याचा सावधपणाच निरुपयोगी होतो. २००६ च्या पॅरिस-रूबे शर्यतीत अमेरिकेचा जॉर्ज हिंकापी दगडी रस्त्यावर हँडल हातात घेऊन कोसळला. चिमट्याची ॲल्युमिनियमची नळी तुटली होती, आणि त्याआधी त्याच दिवशी तो एकदा पडला होता. जगातल्या उत्तम स्वारांपैकी एक, सोबत कसलेल्या मेकॅनिकांचा ताफा, तरी पहिल्या पडण्याने नळीचे काय झाले हे कोणाला ऐकू आले नाही. हा अपघात दुर्मीळ होता, आणि दुर्मीळ धोक्याची सवय कोणालाच लागत नाही.

विजेवर चालणाऱ्या सायकलींनी हा इतिहास आणखी एका टप्प्यावर आणला आहे. लिथियमची बॅटरी बंद डब्यात असते, आणि ती बिघडते तेव्हा बऱ्याचदा स्वार सायकलवर नसतोच. सायकल जिन्याखाली चार्जिंगला लावलेली असते. न्यूयॉर्क शहरात २०२३ या एका वर्षात अशा बॅटऱ्यांमुळे २६८ आगी लागल्या आणि १८ माणसे मेली. त्याच वर्षी शहराने प्रमाणपत्र नसलेल्या बॅटऱ्यांच्या विक्रीवर बंदी घातली. इथे कौशल्य, कान, तळपाय, सगळेच निकामी आहे. स्वाराच्या हातात उरतो तो डब्यावरचा शिक्का, आणि शिक्का खरा की खोटा हे ओळखणे ही पुन्हा वेगळी विद्या. उंच चाकाच्या सायकलीवर धोका स्वाराला समोर दिसत होता. बॅटरीत तो शेजाऱ्यालाही आहे आणि दिसत कोणालाच नाही.

यावर जुन्या भागांकडे परतणे हा इलाज नाही. कोणी कॉटरवर शर्यत जिंकणार नाही आणि पोलादी रिमवर पावसात थांबायला जाऊ नये. इतिहासात चांगली उत्तरे मिळतात ती भागाला बोलायला लावण्याच्या दिशेने. ब्रेकने झिजणाऱ्या ॲल्युमिनियम रिमवर आता बारीक खाच किंवा ठिपका असतो. तो पुसला गेला की रिम बदलायची, मोजमापाची गरज नाही. स्टेमवर कमाल उंचीची रेघ कोरलेली असते. ती दिसू लागली तर दांडा फार वर आला. या खुणांना खर्च नगण्य आहे आणि त्या वाचायला शिक्षण लागत नाही. दुसरे उत्तर आरपार ॲक्सलचे: चूक करायला जागाच न ठेवणे. ही दोन्ही न करता तिसरी वाट धरली, म्हणजे भाग बंद, गुळगुळीत, गप्प ठेवून त्याच्या नावाने सूचनापत्र काढले, तर जबाबदारी कागदावर पूर्ण होते आणि स्वारापर्यंत पोचतेच असे नाही. सायकल दुसऱ्याला विकलेली असते, तिसऱ्याने रंगवलेली असते. सूचना पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाते. कॉटरच्या काळात सूचना सायकलबरोबरच फिरत असे, कारण ती पायडलमधूनच येत असे. २०२३ मध्ये तपासणी जाहीर झालेल्या त्या क्रँकवरची निशाणी म्हणजे दांड्याच्या आतल्या अंगावर कोरलेली इंग्रजी दोन अक्षरे, केएफपासून आरएफपर्यंतची. ती वाचायची तर सायकल भिंतीला लावून खाली बसावे लागते, चिखल पुसावा लागतो, आणि मुळात तिथे काही लिहिलेले आहे हे आधी कोणीतरी सांगितलेले असावे लागते.